अण्णाला दोन पानं

पोट ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, असं माझं पहिल्यापासूनचं मत. कडोलीकरांचं तसं नाही. आमच्या कडोलीत माणसाचं पोट सुटलं की गाव बोलतं, आणि आत गेलं की जास्तच बोलतं. मी एकशे सोळा किलोचा होतो तेव्हा लोक तोंडावर बोलले. अठ्ठ्याहत्तर किलोचा झालो तेव्हा पाठीमागं बोलले, आणि बोलता बोलता त्यांनी मला जवळजवळ पोचवूनच टाकलं. या प्रकरणात माझी बाजू कुणी विचारली नाही, म्हणून ती इथं क्रमवार मांडतो. मी गेली सव्वीस वर्षं बेळगावातल्या एका मराठी हायस्कुलात हेडक्लार्क आहे. क्रम सोडून मला बोलता येत नाही.

राहायला आम्ही हिंडलग्यात, मी आणि बायको मंगल. दोन वर्षांमागं मला शुगर निघाली आणि डॉक्टरनं चालायला लावलं. मी रोज पहाटे तिथल्या तुरुंगाच्या भिंतीकडेनं चालू लागलो. भात सोडला, साखर सोडली, निपाणीला सासुरवाडीत मुक्काम करणं सोडलं, कारण तिथं जावयाला तिसऱ्यांदा वाढल्याशिवाय उठूच देत नाहीत. अडतीस किलो उतरलो. हे सगळं मी कुणाच्या मदतीशिवाय केलं, याची नोंद कुणी घेतली नाही.

पण एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. चरबी जाते, कातडं जात नाही. पोट गेलं आणि पोटाची रिकामी पिशवी तेवढी राहिली. ती मी रोज सकाळी घडी घालून पँटीत खोचायचो. खुर्चीत बसलो की ती माझ्या मांडीवर येऊन बसायची. उन्हाळ्यात घडीत घाम मुरून कातडं सोलवटून निघायचं. मंगल रोज पावडर मारायची आणि म्हणायची, "अवो, दाखवा की कुठल्या तरी डॉक्टरला. कवा पतूर असं पीठ लावून बसनार?"

ऑपरेशन करून घ्यायला मी घरात आणि डॉक्टरपाशी सोलवटण्याचंच कारण सांगत आलो. खरं कारण दुसरं होतं, आणि ते मंगललाही सांगितलं नव्हतं.

नऊ वर्षांमागं कडोलीत माझ्या धाकट्या भावानं, मष्णूनं, नवं घर बांधलं. वास्तुशांतीची पंगत बसली. मी थोरला, म्हणून मला पहिल्या ओळीत बसवलं. आता एकशे सोळा किलोच्या माणसाला जमिनीवर मांडी घालून बसणं काय असतं ते बसणाऱ्यालाच ठाऊक. मी कसाबसा एका कुशीवर कललो होतो, तेवढ्यात समोरून मष्णू वाढप्यांना मोठ्यानं ओरडला, "अण्णाला दोन पानं मांडा रं! एक त्याला आन् एक पोटाला!"

पंगत हसली. दीडशे माणसं हसली. माझी सख्खी गुणाआत्या तर पदर तोंडाला लावून हसली. मी पानावरून उठलो. वाढलेल्या पानावरून उठणं म्हणजे काय हे आपल्याकडं शेंबड्या पोराला कळतं, आणि मी तर त्या घराचा थोरला. मष्णू मागनं म्हणाला, "चेष्टा कळत न्हाय तर जेवाय कशाला यायचं?" तेव्हापासून नऊ वर्षं आम्ही एकमेकांचा उंबरा चढलो नव्हतो. त्याची पोरगी आरोही, जिला बाराखडी मी शिकवली, तिचं लग्न ठरल्याचं मला आमच्या ऑफिसातल्या शामूकडून कळलं. शामू कडोलीचा, माझ्या हाताखालचा क्लार्क. "वैशाखात हाय म्हनं, साहेब. तुमाला ठावं आसंलच," तो म्हणाला. मी म्हणालो, "असंलच."

तर माझ्या मनात एवढंच होतं. वैशाखात कडोलीतनं बोलावणं यावं, आणि मी त्या पंगतीत सपाट पोटानं, ताठ पाठीनं, मांडी घालून बसावं. एका पानावर. मष्णूच्या समोर.

ज्यांना पोट दाखवलं त्या डॉक्टरीणबाई चिकोडीकडच्या, नाव त्रिशला. वयानं आमच्या आरोहीपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. "शर्ट वर करा काका," म्हणाल्या. सव्वीस वर्षं ज्याच्या टेबलासमोर मास्तर लोक हात जोडून उभे राहिले, तो मी एका पोरीसमोर शर्ट वर करून उभा राहिलो. त्यांनी दोन्ही हातांनी पिशवी धरून कणीक ओढावी तशी ओढून बघितली. "टमी टक करता येईल," त्या म्हणाल्या.

मी वही काढली. जे कळत नाही त्याच्यावर मी सही करत नाही.

"हे वजन उतरवायचं ऑपरेशन नव्हे काका. वजन तुम्ही उतरवलंय, आम्ही उरलेलं शिवणकाम करणार. ओटीपोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत काप. मधले स्नायू सैल पडून दोन बाजूंना सरकलेत, ते टाके घालून जवळ आणायचे. वरचं कातडं खाली ओढायचं, जादाचं कापून टाकायचं आणि शिवायचं. तीन-साडेतीन तास."

"कातडं खाली ओढल्यावर बेंबी कुठं जाणार?"

"बेंबी जागच्या जागी राहते. कातडं खाली आलं की तिच्यासाठी नवीन भोक पाडतो."

आईनं दिलेल्या बेंबीला त्रेपन्नाव्या वर्षी नवं दार पडणार, ही गोष्ट पचवायला मला तीन दिवस लागले. वण कायमचा राहील, फिका व्हायला वर्ष लागेल, खालच्या कातडीला काही महिने बधिरपणा राहील, दोन नळ्या लावाव्या लागतील, सहा आठवडे पट्टा, सहा आठवडे जड उचलायचं नाही. मी सगळं लिहून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि तंबाखू आजपासून बंद. ऑपरेशनआधी सहा आठवडे आणि नंतर सहा. तंबाखूनं रक्तपुरवठा कमी होतो, जखमेची कड काळी पडते. तोंडाला वास आला तरी मी ऑपरेशन करणार नाही."

इथं मी थोडा हललो. मी निपाणीचा जावई आहे. मंगलच्या माहेरी तीन पिढ्या तंबाखूच्या वखारी. लग्नात मला सासऱ्यानं तंबाखू-चुना ठेवायची चांदीची चुनाळी दिली होती. ती मी त्या दिवशी मंगलच्या कपाटात ठेवली.

आमच्या शेजारी पारिसाण्णा राहतात, वयस्क जैन गृहस्थ, बोरगावचे. निपाणीत तंबाखूची पानं पारखण्यात जन्म घालवून आता मुलापाशी हिंडलग्यात आलेत. स्वतः सुपारीचं खांड खात नाहीत, पण दुसऱ्याच्या चिमटीकडं बारीक लक्ष. आठव्या दिवशी त्यांनी कुंपणावरून विचारलं, "महादेव, चुनाळी दिसंना?"

"सोडली."

"आपल्या मनानं?"

"आपल्याच."

पारिसाण्णांनी दोन्ही हात कुंपणावर टेकले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मी तंबाखूत काढली. डॉक्टरनं भ्या घातल्याशिवाय तंबाखू सोडलेला मानूस मी बघितला न्हाय." आणि आत निघून गेले. त्या दिवशी ते भाजीला गेले, दूधवाल्याशी बोलले, देवळात गेले. मला तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं.

मंगलचं आणि माझं ठरलं होतं की कुणाला काही सांगायचं नाही. कुणी विचारलंच तर 'पोटाचं ऑपरेशन', बास. कातडं कापून घ्यायला चाललोय म्हटलं तर कडोली तीन पिढ्या हसली असती.

रजेचा अर्ज हे पुढचं विघ्न. आमच्याकडं रजेचा फॉर्म कानडीत, जोडपत्र मराठीत, आणि त्यात 'आजाराचे स्वरूप' असा रकाना. या रकान्यावरून मी स्वतः आजवर किती अर्ज परत पाठवलेत त्याला मोजदाद नाही. ज्यानं 'अंगदुखी' लिहिलं त्याला मी लाल शाईनं 'कुठले अंग?' असं विचारलेलं आहे. आता मी लिहिलं, 'पोटाचे ऑपरेशन'. दुसऱ्या दिवशी अर्ज माझ्याच टेबलावर परत आला. लाल शाईत शामूचा शेरा, 'कशाचे? स्वरूप स्पष्ट लिहावे.' पोरगं माझ्याच हाताखाली तयार झालेलं, बोलायची सोय नाही.

मग मी डॉक्टरणीचं सर्टिफिकेट पाकिटात घातलं, डिंकानं चिकटवलं, वर 'खाजगी' लिहिलं आणि थेट हेडमास्तरांच्या हातात दिलं. आत इंग्रजीत शुद्ध 'अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी' असं लिहिलेलं. हेडमास्तर भूगोलाचे. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, खुर्चीतनं उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "धीर सोडू नका. रजा पाहिजे तेवढी घ्या." शामू दारात उभा होता. मला वाटलं, चला, ऑफिसात आपली किंमत आहे.

संक्रांत झाल्यावर ऑपरेशन झालं. ऑपरेशनचं मला काही सांगता येणार नाही, मी झोपलो होतो. उठलो तेव्हा ओटीपोटावर कुणीतरी जाड दोरानं पोतं शिवल्यासारखं ओढत होतं. कमरेला पट्टा, दोन्ही बाजूंनी एकेक नळी, नळीच्या टोकाला रबरी फुगा, त्यात लालसर पाणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन किलो तीनशे ग्रॅम निघालं काका." त्याच संध्याकाळी मला धरून उठवलं आणि चालवलं, कारण पडून राहिलं तर पायात रक्ताच्या गाठी होतात. पण ताठ चालायचं नाही. टाक्यांवर ताण येतो म्हणून आठ-दहा दिवस कमरेत वाकूनच चालायचं. झोपतानाही पाठ वर आणि गुडघे उभे. शिंकायचं झालं तर पोटावर उशी दाबून. हसायचं तर शक्यतो नाहीच. त्याची मला अडचण नव्हती.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. फुग्यातलं पाणी सकाळ-संध्याकाळ मापून लिहायचं होतं, दिवसाला तीस मिलिलिटरच्या खाली आलं की नळ्या निघणार. मी रीतसर रजिस्टर घातलं. मंगलनं जुन्या परकराच्या कापडाची दोन पिशव्यांची माळ शिवली. त्यात फुगे ठेवून मी ती गळ्यात घालायचो आणि वाकून अंगणातनं फेऱ्या मारायचो. कुंपणापलीकडनं पारिसाण्णा हे बघायचे आणि हात जोडायचे. आता हात जोडायला मी काय देव होतो? पण म्हटलं, वयस्क माणूस आहे.

मग माणसं यायला लागली.

आपल्याकडं आजारी माणसाला बघायला जातात. जाताना हात हलवत जात नाहीत, आणि आजाराचं नाव काढत नाहीत. त्यातही आजार जितका मोठा तितकं नाव कमी. साध्या तापाला आलेला माणूस अर्धा तास तापावर बोलेल. मोठ्या दुखण्याला आलेला नुसता बसेल, पंख्याकडं बघेल, "असूंदे. देव हाय," म्हणेल आणि उठेल. कडोलीची माणसं आली, मंगलच्या माहेरची आली, खारी आली, ब्रेड आला, शहाळी एवढी आली की आम्ही ती पारिसाण्णांकडं पाठवू लागलो. सगळे बसले, सगळ्यांनी पंख्याकडं बघितलं, सगळे म्हणाले, "असूंदे. देव हाय." ऑपरेशन कशाचं हे कुणी विचारलं नाही. मला वाटलं, बातमी फुटली असणार, पण लोक किती सभ्य! कातडं कापल्याचं कळूनही एक शब्द नाही. उगीच आपण कडोलीला नावं ठेवत आलो. एकदा तर मला भरूनच आलं.

गुणाआत्या आली, तिनं गळ्यातले फुगे बघितले, माझ्या गालावरनं दोन्ही हात फिरवले आणि म्हणाली, "लई चांगला हुतास रं लेका." 'हुतास' का म्हणाली हे मला कळलं नाही. हेडमास्तर सगळ्या स्टाफला घेऊन आले आणि माझ्यासोबत फोटो काढून गेले. "शाळेसाठी देह झिजवलात," असं एक मास्तर म्हणाले. याच मास्तरांचा अर्ज मी तीनदा परत पाठवला होता.

आणि नवव्या दिवशी मष्णू आला.

दारात उभा राहिला, खांद्यावर रताळ्याचं पोतं. पोतं खाली ठेवलं, आत आला. खुर्ची दिली तर बसला नाही, माझ्या पलंगाच्या पायथ्याशी फरशीवर बसला. केस पिकले होते. नऊ वर्षांत माझ्या भावाचे केस पिकलेले मी बघितले नव्हते. तो माझं पाऊल धरून एकदम रडायलाच लागला.

"अण्णा, माझी जीभ झडूं दे. चेष्टेत बोललतो मी. पंगतीतनं तू उठलास आन् माझं घर शांत झालंच न्हाय बघ."

माझंही अवसान गेलं. "जाऊंदे मष्णू. मी बी लई तानून धरलं."

मी रडलो. रडल्यानं टाके ओढतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून कळवळलो. मी कळवळलो म्हणून तो जास्त रडला. नऊ वर्षांत इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. मग डोळे पुसून तो म्हणाला, "आरोहीचं लगीन आलीकडं घेतलंय. वैशाखात न्हाय, फाल्गुनात. खानापूरची सोयरी भली मानसं हैत, लगीच व्हय म्हंटली."

"अरे, पण घाई कशाला?"

मष्णू पंख्याकडं बघू लागला. "असंच की. तुज्या हातच्या अक्षता पडाय पायजेत. थोरला हाय तवर हूं दे म्हंटलं."

तो गेला. मंगल पाण्याचा तांब्या हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तोंड पांढरं पडलेलं. "अवो, गुणाआत्या मला आत रडत काय म्हंटली म्हाइत हाय? मी म्हंटलं म्हातारीचं डोकं फिरलंय. अवो, ह्येनी सगळ्यांनी तुमाला त्यो आजार लावलाय."

"कुठला?"

"त्योच. नाव काढत न्हाईत त्यो."

मी डोळे मिटून सगळं प्रकरण एकदा क्रमानं लावलं. दोन वर्षांत अडतीस किलो वाळला. निपाणीचा जावई असून तंबाखू सोडली. हेडमास्तरांना बंद पाकीट दिलं. पोट कापलं, नळ्या घातल्या, वाकून चालतो, विचारलं तर सांगत नाही. कुठंही त्रुटी नव्हती. माझ्याकडं असा कागद आला असता तर मीसुद्धा पुढं पाठवला असता.

"आजच्या आज सांगा," मंगल म्हणाली.

"उद्या सांगतो," मी म्हणालो. कारण आज माझा भाऊ माझ्या पायाशी बसून गेला होता. तो परत उठून जाऊ नये, एवढंच मला पाहिजे होतं.

पारिसाण्णांना खरं सांगून सल्ला विचारला. त्यांनी आधी "अय्यो!" केलं, नंतर जोडलेले हात सोडवून कमरेवर ठेवले. मग विचार करून म्हणाले, "आता काय बोलू नको. लगीन हूं दे. मग हळूहळू बरा हो. पद्मावतीची कृपा म्हन. कोनाचं काय जातंय?"

हा सल्ला मला फार पटला. पटणारे सल्ले मी आयुष्यात फार कमी मिळवलेत, म्हणून आठ दिवस तो धरून बसलो. मष्णू रोज फोन करायचा. "डॉक्टर काय म्हंटली?" मी म्हणायचो, "टाके सुकाय लागलेत." तो पलीकडं नाक ओढायचा. नळ्या निघाल्या, मी थोडा सरळ झालो, पण खिडकीतनं कडोलीचं माणूस येताना दिसलं की पुन्हा वाकायचो. मंगलनं माझ्याशी बोलणं कमी केलं.

आणि मग आरोही आली. पाया पडली, उशाशी बसली. "काका, दुखतंय?" मी म्हणालो, "न्हाय गं." मी विचारलं, "आणि तुझी बीएडची शेवटची परीक्षा? ती फाल्गुनातच येते नव्हं?"

ती खाली बघून म्हणाली, "पुढच्या साली देते की काका. परीक्षा काय, पुन्ना येत्या. आप्पांनी सांगितलं, काकाला बघायचं हाय लगीन." आणि हसली. डोळ्यांत पाणी होतं ते तिला वाटलं मला दिसलं नाही.

ती गेल्यावर मी मंगलला म्हणालो, "मष्णूला बोलव."

मष्णू दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. हातात पिशवी, पिशवीत लग्नाच्या कार्डांचा गठ्ठा. पहिलं कार्ड देवापुढं ठेवायचं ते त्यानं माझ्या हातात दिलं. वर निमंत्रक म्हणून पहिलं नाव माझं होतं. मष्णूचं खाली. मी ते नाव तीनदा वाचलं. मग कार्ड बाजूला ठेवलं, उभा राहिलो, पट्टा सोडला आणि शर्ट वर केला.

"हे बघ."

मष्णूनं वाकून बघितलं. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत गेलेली शिवण, वर नवी बेंबी. "काय हाय ह्ये?"

"काय न्हाय. तेच दाखवतोय. आत काय न्हाय मष्णू. नुसतं जादाचं कातडं कापलंय. बारीक झालतो, ते लोंबत हुतं. मला त्यो आजार न्हाय. कुठलाच न्हाय. शुगर हाय, ती बी आता आटोक्यात."

त्यानं शिवणीकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं.

"म्हंजे तू मरनार न्हाईस?"

"सध्या तरी न्हाय."

"शपथ घे."

मी आईची शपथ घेतली. मष्णूनं दोन्ही हात तोंडावरनं फिरवले. मला वाटलं आता मिठी मारणार. तो ओरडला, "आन् मी गावभर लोकांच्या गळ्यात पडून रडलोय न्हवं! सोयऱ्याच्या पाया पडून तारीख घेतली! आता काय सांगू लोकान्ला, अण्णा पोट शिवून घ्याय गेलता म्हनून? पोरीची परीक्षा बुडवली मी! कवा कळलं तुला?"

"आठ दिस झालं."

"आठ दिस!" तो फरशीवर हात आपटून म्हणाला. "कशाला केलास ह्यो उद्योग? ह्या वयात? कुनासाठी?"

इथं खोटं बोलता आलं असतं, सोलवटण्याचं कारण तयार होतं. पण आता ते तोंडातनं निघेना.

"तुझ्या पंगतीत मांडी घालून बसाय," मी म्हणालो. "एका पानावर."

मष्णू उठला. मग त्यानं कार्ड उचललं, पिशवीत घातलं, पिशवी उचलली आणि निघून गेला. रताळ्याचं अर्धं पोतं अजून कोपऱ्यात होतं. मंगल म्हणाली, "बरं केलासा." मी पट्टा बांधला आणि भिंतीकडं तोंड करून पडलो. कुशीवर झोपायला अजून परवानगी नव्हती, तरी पडलो.

पुढं दोन-अडीच महिने कडोलीहून काही आलं नाही. म्हणजे मष्णूकडून आलं नाही. गावाकडून बरंच आलं. गुणाआत्यानं निरोप पाठवला की शहाळी परत नको, पण गालावरनं हात फिरवलेले परत घेतले समज. शामू ऑफिसात माझ्यासमोर फाइल तोंडापुढं धरून हसायचा. हेडमास्तरांनी तो ग्रुप फोटो स्टाफरूमच्या भिंतीवरनं काढला. फाल्गुनात आरोहीचा फोन आला, "काका, पयला पेपर चांगला गेला," आणि तारीख पुन्हा वैशाखात गेल्याचं तिच्याकडूनच कळलं.

चैत्र संपता संपता शामूनं टेबलावर कार्ड ठेवलं. "मष्णूमामानं दिलंय." मी आधी वर बघितलं. निमंत्रक म्हणून पहिलं नाव माझंच होतं. पण कार्ड शामूच्या हातनं! घरातल्या थोरल्याला अक्षता घेऊन, दारात येऊन बोलवायचं असतं. मी मंगलला सांगून टाकलं, "मी जाणार न्हाय. टपालानं आल्यासारखं बोलावणं मी मानत न्हाय."

मंगल साडीला इस्त्री करत होती. ती वर न बघता म्हणाली, "पोट तर कापून टाकलासा. मग ह्यो राग ठेवतासा तरी कुटं?"

आम्ही गेलो. अक्षता टाकल्या. मष्णू मांडवात धावपळ करत होता, माझ्याशी "या" एवढंच बोलला. पोरीच्या बापानं सगळ्यात शेवटी जेवायचं असतं, आणि कार्डावर वरचं नाव माझं, म्हणून मीही शेवटच्या पंगतीपर्यंत थांबलो. चार वाजले. पंगत बसली. मी गेलो, धोतर सावरलं आणि मांडी घालून बसलो. ताठ. एका दमात. कुणी बघितलं का म्हणून इकडंतिकडं नजर टाकली. कुणी बघितलं नव्हतं. सगळे पानाची वाट बघत होते.

तेवढ्यात मांडवाच्या खांबाजवळनं मष्णूचा आवाज आला.

"अण्णाला दोन पानं मांडा रं!"

पंगतीतल्या माना माझ्याकडं वळल्या. नऊ वर्षांमागची दीडशेतली निम्मी माणसं तिथंच होती, गुणाआत्या तर समोरच. पाय आपोआप उठण्यासाठी दुमडले. पलीकडच्या ओळीतनं मंगलनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा खाली बसलो. वाढप्यानं माझ्यासमोर एक पान मांडलं आणि शेजारी दुसरं.

मष्णू आला, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि त्या दुसऱ्या पानावर माझ्या मांडीला मांडी लावून बसला. "काय बघतोस? पोट कापून आलायस, आता तितं मी बसतो. सकाळधरनं पोटात पान्याशिवाय काय न्हाय."

आधी गुणाआत्या हसली, मग पंगत हसली. मीही हसलो. टाके भरून तीन महिने झाले होते, तरी सवयीनं हात पोटावर गेला. मष्णूनं ते बघितलं आणि बारीक आवाजात विचारलं, "लई दुखलं काय अण्णा?"

"आपरेशन व्हय?"

"न्हाय. तवा, पंगतीत."

"लई," मी म्हणालो.

"मला बी," तो म्हणाला.

मग हुग्गी आली, आमच्याकडची गव्हाची खीर. आम्ही दोघांनी दोनदा घेतली.